स्टिकर नसलेली मेमरी

पुण्याजवळ भोसरीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी वर्कशॉपच्या क्वालिटी रूममध्ये गेलात, की आधी नजरेत भरतात ते स्टिकर. मायक्रोमीटरवर स्टिकर, व्हर्नियरवर स्टिकर, बोअर गेजवर, प्लग गेजवर, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवरसुद्धा स्टिकर. कॅलिब्रेशन कधी झालं आणि पुढचं कधी करायचं, याच्या दोन तारखा त्यावर असतात. तारीख उलटलेला एक मायक्रोमीटर जरी ऑडिटरच्या हाती लागला, तरी त्याची नोंद होते आणि मालकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. चाकणच्या वाहन कंपन्यांना पार्ट पुरवायचे तर आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र लागतं, आणि मोजणाऱ्या साधनावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही ही त्यातली पायाभूत शिस्त आहे. या पट्ट्यातल्या हजारो लहान कारखान्यांनी ती अंगी बाणवली आहे. मला या गोष्टीचं मनापासून कौतुक वाटतं.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक कॉम्प्युटर असतो. ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम त्याच्यावर बनतो, सीएमएम या मोजणाऱ्या यंत्राचे रिपोर्ट त्याच्यातून निघतात, गिऱ्हाईकाला जाणारे आकडे त्याच्या मेमरीतून जातात. बाहेर शेडमध्ये उभ्या असलेल्या सीएनसी मशीनच्या कंट्रोलमध्ये आणखी एक मेमरी असते. तिच्यात त्या मशीनची सगळी पॅरामीटर आणि ऑफसेट साठवलेली असतात. या दोन्ही मेमऱ्यांवर स्टिकर नसतो. त्या कधी तपासल्या, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, ‘चालू आहे ना!’

चालू असणं आणि बरोबर असणं यांत किती अंतर आहे, ते सीएनसीच्या भाषेतच पाहू. जी०१ म्हणजे कटिंग फीड. टूल ठरवून दिलेल्या गतीने धातू कापत पुढे जातं. जी०० म्हणजे रॅपिड. टूल पूर्ण वेगाने धावतं, आणि ते हवेतून जाणार हे गृहीत असतं. कॉम्प्युटरच्या मेमरीत ‘०’ हा आकडा ०११०००० असा लिहिलेला असतो आणि ‘१’ हा ०११०००१ असा. फरक फक्त शेवटच्या बिटाचा. तो एक बिट उलटला, तर धातू कापायला निघालेलं टूल रॅपिडने जॉबमध्ये घुसतं. इन्सर्ट फुटतो, होल्डर वाकतो, स्पिंडलचं बेअरिंग जातं. लेथवर एक्स हा व्यासाचा अक्ष आणि झेड हा लांबीचा, आणि या दोन अक्षरांच्या सांकेतिक रूपांतही एकाच बिटाचा फरक आहे. एम०८ ने कूलंट सुरू होतं, एम०९ ने बंद. तिथेही एकच बिट.

शेडमध्ये मशीन ठोकलं जातं तेव्हा बहुतेक वेळा कारण साधं असतं: ऑफसेट चुकीचा टाकला, वर्क झिरो चुकीचा घेतला, दुसऱ्याच जॉबचा प्रोग्रॅम लागला. मेमरीवर खापर फोडण्याआधी या शक्यता तपासायलाच हव्यात. पण मोठी धडक निदान दिसते तरी. खरी काळजी १२.४५ चा १२.४४ होण्याची आहे. ‘५’ आणि ‘४’ यांतही एकाच बिटाचं अंतर. मिलिमीटरचा शंभरावा भाग कुणाला दिसत नाही. सेटर टूलची झीज समजून ऑफसेट देतो आणि काम पुढे चालू राहतं. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक इथे एका उमेदवाराला मतमोजणीत ४,०९६ मतं जास्तीची मिळाली. शक्य असलेल्या आकड्याहून मतं जास्त भरली म्हणूनच गोष्ट उघडकीला आली. ४,०९६ म्हणजे २ चा बारावा घात, नेमका एका बिटाचा फरक. तपासात मेमरीतला बिट आपोआप उलटला असावा, असाच निष्कर्ष निघाला. जास्तीची मतं चारच असती, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

असं का होतं, हे समजायला मेमरीच्या पोटात डोकवावं लागतं. आपल्या कॉम्प्युटरमधली डीरॅम ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळालं. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर, बस्स. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. हा भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावी लागते. रॅमच्या आठ जीबीच्या पट्टीत असे सुमारे ६,८७१ कोटी बिट असतात, आणि त्या सगळ्यांचं हे गळणं-भरणं सेकंदाला पंधरा-सोळा वेळा चाललेलं असतं. तापमान वाढलं की गळती वाढते. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर भरण्याचं अंतर निम्मं करावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, कूलंटच्या वाफेने फिल्टर तुंबलेल्या पॅनेलमध्ये काय होत असेल, याचा विचार यानंतर आपोआप होतो.

आधी दोष बाहेरचा वाटला होता. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनात अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियम आणि थोरियममधून निघणारे अल्फा कण मेमरीतले बिट उलटवतात. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या झीग्लर यांनी लॅनफर्ड यांच्यासह वैश्विक किरणांकडे बोट दाखवलं. ते किरण वातावरणावर आदळून जे न्यूट्रॉन तयार करतात, त्यांचा मारा आपल्यावरही अखंड चालू असतो. न्यूयॉर्कमध्ये समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर तासाला सुमारे १३ जोरकस न्यूट्रॉन पडतात, आणि चिप उद्योग हाच आकडा संदर्भ म्हणून धरतो. पुण्याच्या नशिबी यातलं कमी येतं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताच्या आसपास वैश्विक किरणांना सर्वांत चांगलं अडवतं, आणि त्या बाबतीत भारत जगातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात येतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या उंचीमुळे थोडी भर पडते, तरीही पारडं आपल्याच बाजूला झुकतं. म्हणून चाकणमधल्या पीसीने दगा दिला तर आकाशाकडे बघण्याआधी पट्टीकडे बघावं.

या मताला मोठा आधार आहे तो २००९ मध्ये बियान्का श्रोडर आणि गूगलमधल्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा. गूगलच्या सर्व्हरांची अडीच वर्षांची नोंद त्यांनी तपासली. वर्षभरात जवळपास एक तृतीयांश मशीनमध्ये निदान एकदा तरी मेमरीची चूक घडली होती, आणि पट्ट्यांचा विचार केला तर हे प्रमाण आठ टक्क्यांहून जास्त होतं. त्याआधीच्या अंदाजांपेक्षा हे आकडे कितीतरी पटींनी मोठे होते. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. चूक केवळ आकाशातून येत असती, तर तपासणीला काही अर्थच राहिला नसता. कारण कालचा बळी आज पुन्हा सापडत नाही. दोष पट्टीतच असेल, तर ती पट्टी शोधून काढता येते.

शोधायची कशी? मेमरीत लिहायचं, वाचायचं आणि जुळतंय का पाहायचं. मूळ कल्पना एवढीच, पण सगळं कसब लिहिण्याच्या क्रमात आहे. एखादा बिट कायमचा शून्यावर अडकला असेल तर तो पहिल्या फेरीत सापडतो. शेजाऱ्याने रंग बदलला की जो बिट बदलतो, तो सहजासहजी सापडत नाही. सगळ्या बिटांच्या सगळ्या जोडण्या तपासायच्या म्हटलं तर शंभर बिटांनाही आयुष्य पुरणार नाही. म्हणून संशोधकांनी ‘मार्च’ नावाच्या चाचण्या रचल्या. सगळीकडे शून्य लिहा. मग खालच्या पत्त्यापासून वर जात प्रत्येक ठिकाणी शून्य वाचा आणि लगेच एक लिहा. पुन्हा वर जात एक वाचा, शून्य लिहा. मग हेच सगळं वरून खाली येत करा. वर जाताना खालचा शेजारी आधी बदललेला असतो आणि खाली येताना वरचा. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचा त्रास उघडा पडतो. ‘मार्च सी-मायनस’ ही चाचणी प्रत्येक बिटावर फक्त दहा क्रिया करते आणि अडकलेले, बदलायला नकार देणारे आणि शेजाऱ्याच्या नादी लागणारे, असे तिन्ही प्रकारचे दोष पकडते.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांच्या पेनड्राइव्हवर असणारं मेमटेस्ट८६ याच जातीचं. ख्रिस ब्रॅडी यांनी ते १९९० च्या दशकात लिहिलं. मेमटेस्ट८६+ ही त्याचीच एक वेगळी वाढलेली फांदी. हे विंडोजच्या आत चालत नाही, थेट पेनड्राइव्हवरून सुरू होतं, कारण विंडोज स्वतःच मेमरीचा मोठा भाग अडवून बसलेलं असतं आणि आपण बसलेल्या जागेची तपासणी करता येत नाही. त्यातली एक चाचणी मेमरी भरून ठेवते, बराच वेळ स्वस्थ बसते आणि मग पाहते, की काही पुसट झालं का. गळती जास्त असलेले बिट तिथे सापडतात. नव्या आवृत्त्यांत ‘रो-हॅमर’ चाचणीही आहे. २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी १२९ पट्ट्या तपासल्या आणि त्यातल्या ११० पट्ट्यांमध्ये एकच ओळ वारंवार वापरत राहिलं की शेजारच्या ओळीतले बिट उलटतात, असं त्यांना आढळलं. बिट जितके जवळ आणि जितके लहान, तितका हा त्रास जास्त.

आपल्याकडे दुरुस्तीचा पहिला उपाय अजून खोडरबर हाच आहे. कॉम्प्युटर बीप देतो, स्क्रीन येत नाही, मग पट्टी काढून तिच्या सोनेरी टोकांवर रबर फिरवायचा आणि परत लावायची. पावसाळ्याच्या दमटपणात टोकांवर थर चढतो, त्यामुळे हा उपाय बऱ्याचदा लागूही पडतो. पण स्क्रीन आली म्हणजे मेमरी पास झाली, अशी जी समजूत आहे ती मला घातक वाटते. नीट न बसलेली पट्टी मशीन सुरूच होऊ देत नाही, ते बरंच. मशीन सुरू होऊ देणारी आणि दिवसातून एकदा चुकणारी पट्टी जास्त वाईट. आणखी एक गोष्ट डिझाइनवाल्यांच्या पीसीत हमखास दिसते. कॅम सॉफ्टवेअर जलद चालावं म्हणून गेमिंगची रॅम घेतलेली असते आणि बायोसमध्ये एक्सएमपी सुरू केलेलं असतं, म्हणजे रॅम तिच्या प्रमाणित वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलेली असते. ती साध्या वेगाला पास होईल आणि त्या वेगाला नापास. म्हणून चाचणी रोज ज्या सेटिंगला काम चालतं, त्याच सेटिंगला घ्यायची.

सीएनसीच्या कंट्रोलची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त शहाणपणाची. जुन्या मशीनना कागदी टेपवरून प्रोग्रॅम मिळायचा. आयएसओ कोडमध्ये प्रत्येक अक्षरासाठी टेपवर भोकांची एक आडवी ओळ असायची आणि त्या ओळीतल्या भोकांची संख्या सम असावी म्हणून एक भोक राखून ठेवलेलं असायचं. टेप फाटली, तेल लागलं, एखादं भोक बुजलं, तर संख्या विषम व्हायची आणि मशीन तिथल्या तिथे थांबायचं. फॅनक कंट्रोलच्या अलार्म-यादीत ००१ क्रमांकाचा टीएच पॅरिटी अलार्म आणि ००२ क्रमांकाचा टीव्ही पॅरिटी अलार्म अगदी सुरुवातीला बसले आहेत, ते त्या काळापासून. मग आरएस-२३२ ची केबल आली. सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट ही सेटिंग या पट्ट्यातल्या कित्येक प्रोग्रॅमरना आजही तोंडपाठ आहे. आता पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड आली. कार्डावरची साठवण स्वतःची काळजी घेते, पण ज्या पीसीच्या रॅममध्ये प्रोग्रॅम बनला तिथेच बिट उलटला असेल, तर कार्डावर चूक अत्यंत निष्ठेने उतरते आणि बॅकअपमध्येही तीच जाते.

कंट्रोलच्या आत पॅरामीटर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम ज्या एसरॅममध्ये राहतात, ती मशीन बंद असताना एका छोट्या बॅटरीवर जगते. स्क्रीनवर ‘बॅट’ ही अक्षरं लुकलुकायला लागली, की बॅटरी बदलायची वेळ झाली. ती मशीन चालू असताना बदलणं सर्वांत बरं. हे ज्यांनी अंगावर काढलं, त्यांच्यापैकी कित्येकांनी एखाद्या सुट्टीनंतरच्या सकाळी ‘पॅरामीटर उडाले’ हे वाक्य उच्चारलं आहे. इथे वीज हा विषयही येतो. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, विजेचा भार आठवड्यात वाटला जावा म्हणून. देखभालीसाठी लाईटही बहुधा गुरुवारीच जाते. ती एसरॅम त्या दिवशी पूर्णपणे त्या सेलच्या भरवशावर असते.

या मेमरीला जाच होतो तेव्हा कंट्रोल लपवाछपवी करत नाही. फॅनकच्या जुन्या मालिकांत ९१०-९११ हे एसरॅम पॅरिटीचे अलार्म येत. नंतरच्या मालिकांत ९३५ हा एसरॅम ईसीसी, म्हणजे चूक पकडून सुधारणाऱ्या रचनेचा, अलार्म आहे. ९३५ आला की मशीन हलत नाही. बहुतेक वेळा सगळी मेमरी साफ करून बॅकअप परत चढवावा लागतो. आणि बॅकअप नसेल तर? मग पॅनेलच्या दाराला लावलेल्या खिशातला पॅरामीटरचा कागद शोधायचा, तो असला तर. बॉलस्क्रूच्या चुका दुरुस्त करणारे पिच-एरर कॉम्पेन्सेशनचे आकडे कागदावर बहुधा नसतात. ते पुन्हा मिळवायचे तर लेझर इंटरफेरोमीटर घेऊन कुणाला तरी बोलवावं लागतं. खरं तर बूट स्क्रीनवरून एसरॅमचा पूर्ण बॅकअप मेमरी कार्डवर घ्यायला काही मिनिटं पुरतात.

जे मशीन थांबतं, ते आपल्याला वाचवतं. हा विचार वाहनांत आता कायद्याइतका पक्का झाला आहे. १२५ सीसीहून मोठ्या नव्या मॉडेलच्या मोटारसायकलींना १ एप्रिल २०१८ पासून आणि त्या वर्गातल्या जुन्या मॉडेलनाही १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे चाकण-आकुर्डीच्या दुचाकीही कॉम्प्युटरच्या झाल्या. किल्ली फिरवली की एबीएसचा दिवा पेटतो आणि गाडी थोडी चालली की विझतो. तेवढ्यात तो कंट्रोलर स्वतःची तपासणी करून घेत असतो. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचं आयएसओ २६२६२ हे मानक २०११ मध्ये आलं. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीत मोटारसायकलींचा वेगळा भाग जोडला गेला. असे कंट्रोलर सुरू होताना रॅम तपासतात, फ्लॅशमधल्या प्रोग्रॅमची बेरीज जुळते का पाहतात, आणि काही तर गाडी चालू असतानाच मेमरीचा एक छोटा तुकडा बाजूला ठेवून, तपासून, जसाच्या तसा परत ठेवतात. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत एआयएस-००४ नुसार विद्युतचुंबकीय चाचण्या होतात, त्यांचा हेतूही याच्याशी जोडलेला आहे: बाहेरच्या लहरींनी आतला कंट्रोलर भरकटू नये.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका ज्यूरीने २००५ च्या टोयोटा कॅमरीच्या अपघाताचा दावा ऐकला. दावेदारांच्या बाजूने साक्ष देणारे मायकेल बार यांनी थ्रॉटलच्या सॉफ्टवेअरवर बोट ठेवलं आणि मेमरीतला बिट उलटला तर काय होऊ शकतं, हे समजावून सांगितलं. ज्यूरीने निकाल कंपनीच्या विरोधात दिला. त्याआधी २०११ मध्ये नासाच्या तपासाला अनाहूत वेगवाढीचं इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नव्हतं. दोन्ही बाजू लक्षात घेऊनही एक गोष्ट मला निर्विवाद वाटते: त्यानंतर वाहनातल्या मेमरीला पहारा आहे की नाही, हा प्रश्न अभियंत्याला न्यायालयातही विचारला जाऊ शकतो.

चूक पकडणं आणि सुधारणं, या दोन्हींची युक्ती जुनी आहे. बेल लॅब्समध्ये काम करणारे रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी रिले-कॉम्प्युटरवर गणितं लावून जात. सोमवारी येऊन पाहावं तर चूक आढळली म्हणून मशीनने काम सोडून दिलेलं. चूक आहे हे मशीनला कळतं, तर ती कुठे आहे हे का कळू नये, या संतापातून त्यांचा १९५० चा प्रसिद्ध शोधनिबंध आला. त्यावरच आजची ईसीसी मेमरी उभी आहे. पारंपरिक रचनेत ६४ बिटांसोबत आठ जादा बिट असतात. एक बिट उलटला तर तो आपोआप सुलटा होतो, दोन उलटले तर निदान बोंब होते. पुण्याला हे परकं नाही. सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये याच शहरात उभा केला. टाटांच्या सीआरएलचा ‘एक’ २००७ च्या नोव्हेंबरमध्ये जगात चौथा आला. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ मध्ये हवामानाच्या गणितांसाठी सुरू झालेला प्रत्यूषही ईसीसी मेमरीवर चालणारा. इतक्या मोठ्या यंत्रात ईसीसी नसेल तर उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकने २००३ मध्ये ११०० घरगुती पॉवर मॅक जोडून जगातला तिसऱ्या क्रमांकाचा महासंगणक केला, आणि त्यांत ईसीसी नसल्यामुळे पुढच्याच वर्षी सगळी मशीन बदलून ईसीसीची घेतली.

पाषाणहून भोसरी फार लांब नाही. तरीही भोसरीतल्या ज्या पीसीवर मोटारीच्या ब्रेकच्या पार्टचा प्रोग्रॅम बनतो, त्याच्यात ईसीसी नसते, कारण साधे प्रोसेसर आणि मदरबोर्ड बरेचदा तिला जागाच देत नाहीत आणि कोटेशनमध्ये कुणी मागतही नाही. आता डीडीआर५ आली आहे आणि विक्रेते सांगतात, तिच्यात ईसीसी असतेच. ती चिपच्या पोटातली ईसीसी आहे. बिट दाट झाल्यामुळे चिपच्याच गरजेपोटी ती घातलेली आहे. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचा पहारा नाही आणि काय दुरुस्त केलं हे ती साध्या पीसीला सांगतही नाही. कॅमच्या आणि सीएमएमच्या पीसीसाठी कोटेशन मागवताना वर्कस्टेशनचा बोर्ड आणि पूर्ण ईसीसी पट्ट्या, असं स्पष्ट लिहायला हवं. पार्ट सुरक्षिततेचा असेल तर किमतीतल्या फरकाची घासाघीस मला मान्य नाही.

जुने पीसी चालूच राहणार आहेत, तर त्यांच्यासाठी बुधवारची रात्र आहे. सेकंड शिफ्ट सुटली की पेनड्राइव्ह लावायचा आणि रात्रभर मेमटेस्ट चालू द्यायची. गुरुवारी सकाळी लाईट जायच्या आत निदान चार-पाच फेऱ्या होतील, शिवाय यूपीएस असलेला बरा. एकही चूक आली तरी पट्टी नापास. मग पट्ट्या एकेक करून, स्लॉट बदलून पुन्हा लावायच्या, म्हणजे दोष पट्टीत आहे की बोर्डात ते कळतं. पट्टीचा सिरियल नंबर, चाचणीची तारीख, किती फेऱ्या झाल्या आणि कुठल्या सेटिंगला, एवढं मायक्रोमीटरच्याच रजिस्टरमध्ये लिहायचं. त्याच रात्री प्रत्येक कंट्रोलचा एसरॅम बॅकअप कार्डवर घेऊन त्यावर मशीनचा नंबर टाकायचा, आणि कार्ड शेडमध्ये न ठेवता ऑफिसच्या कपाटात ठेवायचं.